शिरवळच्या पुढे

३० डिसेंबर २०२४, सोमवार
डॉक्टरांनी एमआरआयच्या फिल्म दिव्यावर लावल्या आणि पेनाच्या टोकाने जागा दाखवली. डावी बाजू, कपाळाच्या मागे, साडेचार सेंटिमीटर. "मेनिंजिओमा. मेंदूची नाही, मेंदूवरच्या आवरणाची गाठ." अशा गाठी बहुतेक वेळा कॅन्सरच्या नसतात, सावकाश वाढतात, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त सापडतात. म्हणजे ही यांच्या डोक्यात कित्येक वर्षं वाढत असणार, आणि आता मेंदू दाबला गेला म्हणून झटका आला.

झटका साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, घरात आला ही देवाचीच कृपा. हे एसटीत चालक आहेत. आदल्या संध्याकाळी स्वारगेटहून गाडीभर माणसं घेऊन खंबाटकीचा घाट उतरून आले होते.

यांनी एकच विचारलं, "गाडी कधी चालवता येईल?" डॉक्टर म्हणाले, आधी ऑपरेशन होऊ द्या.

६ जानेवारी २०२५, सोमवार
पुण्यात दाखल झालो. रक्त लागेल म्हणून सांगितलं होतं, तर डेपोतले चालक-वाहक पहिल्या गाडीने आले, रक्त दिलं आणि दुपारच्या ड्यूटीला परत गेले. चहासुद्धा घेतला नाही कुणी.

संमतीच्या कागदावर धोके ओळीने लिहिलेले: रक्तस्राव, जंतुसंसर्ग, झटके, उजव्या हातापायातली ताकद कमी होणे, वाचा जाणे. शेवटच्या शब्दापाशी मी थांबले. बोलण्याचा भाग बहुतेकांच्या डाव्या मेंदूत असतो आणि गाठ त्याच्या अगदी जवळ आहे, असं डॉक्टरांनी समजावलं. सही केली. नको म्हणायला वाट नव्हती, गाठ वाढतच राहणार होती.

७ जानेवारी, मंगळवार
सकाळी आत नेलं. कवटीचा तुकडा कापून बाजूला काढायचा, गाठ आणि तिला चिकटलेलं आवरण काढायचं, तिथे ठिगळ लावायचं, हाड परत बसवून टायटॅनियमच्या पट्ट्यांनी पक्कं करायचं. एवढं ऐकून ठेवलं होतं. दुपार उलटल्यावर डॉक्टर बाहेर आले, "पूर्ण निघाली." थोरलीने माझा हात धरला, धाकटा जिन्यात जाऊन रडला.

संध्याकाळी आयसीयूत दोन मिनिटं सोडलं. डोक्याला पट्टी, एक डोळा सुजलेला. मला बघून म्हणाले, "अगं, जेवलीस का?" वाचा शाबूत होती.

१० जानेवारी, शुक्रवार
आज बोलणं गेलं.

काल संध्याकाळपासून शब्द अडखळत होते. सकाळी पाणी हवं होतं, बोट तांब्याकडे, आणि तोंडातून आलं "गाडी". आपण चुकीचं बोललो हे त्यांना कळत होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा "गाडी". मग डोळे मिटून घेतले आणि पाणी वाहायला लागलं. एवढ्या वर्षांच्या संसारात मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं.

मी धावत नर्सकडे, नर्सने डॉक्टरांना फोन केला, तातडीने स्कॅन झाला. रक्तस्राव नाही. रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरीणबाई स्टूल ओढून माझ्याजवळ बसल्या तेव्हा कुठे खुलासा झाला. मेंदूला हात लागला की सूज येते, आणि ती पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते. म्हणून माणूस आधी बरा बोलतो आणि मग बिघडतो. त्यासाठीच डेक्सामेथासोनची इंजेक्शनं चालू आहेत, उशाकडची बाजू उचललेली आहे.

हे चार शब्द ऑपरेशनच्या आधी कुणी सांगितले असते तर आजचा दिवस आम्हा चौघांना असा काढावा लागला नसता. धोक्यांचा कागद देतात, मग दिवसागणिक काय होणार आहे त्याचाही कागद द्यायला काय हरकत आहे? जवळच्या माणसाला ठाऊक असेल तर तो पेशंटला धीर देऊ शकतो. मीच थरथरत होते, तर यांना काय सांगणार?

११ जानेवारी, शनिवार
स्पीच थेरपिस्ट आली, आमच्या थोरलीच्याच वयाची. तिने कुठलीही वस्तू दाखवून नाव विचारलं नाही. म्हणाली, "काका, एक ते दहा म्हणूया." आणि हे म्हणाले! सोमवार ते रविवारही म्हटलं. मग ती मला म्हणाली, यांना रोज तोंडात बसलेलं असं काय येतं? मी म्हटलं, स्वारगेट ते सातारा.

तिने "स्वारगेट" म्हणून सुरुवात करून दिली. "कात्रज... खेड शिवापूर... कापूरहोळ... शिरवळ..." तिथे थांबले. पण एवढे थांबे एका मागून एक, स्वतःच्या आवाजात. शेजारच्या खाटेवरचे आजोबासुद्धा उठून बसले.

ती म्हणाली, सवयीने ओळीने म्हणायच्या गोष्टी, आरत्या, गाणी बऱ्याचदा टिकून राहतात. मनातलं नवं वाक्य जुळवणं अवघड जातं. १८६१ साली पॅरिसच्या ब्रोका नावाच्या डॉक्टरांनी अशाच एका माणसावरून मेंदूतली बोलण्याची जागा ओळखली. त्याला जवळजवळ एकच अक्षर म्हणता येत असे, समजत मात्र बरंच होतं. मी तिला विचारलं, यांनाही समजतं ना सगळं? "सगळं. त्यामुळे त्यांच्यासमोर जपून बोला."

१४ जानेवारी, संक्रांत
घरी आणलं. आईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. हळदी-कुंकू यंदा नाही.

१९ जानेवारी, रविवार
रात्री दोनला उठून भाकरी मागतात. झोप नाही. साखर २८०, जी आयुष्यात कधी वाढली नव्हती. आज आमटीत मीठ कमी म्हणून ताट सरकवलं ते भिंतीपर्यंत गेलं. आई घाबरून देवघरात जाऊन बसल्या. कधी आवाज न चढवणारा माणूस.

फोनवर डॉक्टरांनी विचारलं, डेक्साची गोळी किती चालू आहे? भूक, साखर, निद्रानाश, चिडचिड, सगळं तिचंच. झटक्यासाठीच्या लेव्हेटिरासिटॅमनेही काहींना चिडचिड होते. पण दोन्ही आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. डेक्सा एकदम तोडली तर अंगावर बेतू शकतं, ती पायरी-पायरीने उतरवायची. वेळापत्रक कपाटाच्या दारावर चिकटवलं आहे. मुलांना बसवून सांगितलं, बाबा रागावलेले नाहीत, त्यांच्या अंगात औषध बोलतंय. हे पलीकडच्या खोलीत होते, त्यांनी ऐकलं. संध्याकाळी माझ्या हातावर हात ठेवला.

२१ जानेवारी, मंगळवार
टाके काढले. बायोप्सीचा रिपोर्ट: ग्रेड १. साधी गाठ. रेडिएशन नाही, तीन महिन्यांनी एमआरआय.

२ फेब्रुवारी, रविवार
डेक्सा संपली, झोप परत आली. शिरवळच्या पुढे खंडाळा, सुरूर, भुईंज, पाचवड, लिंब, सातारा. आज एका दमात.

पण नवं वाक्य अजून हळू येतं, आणि भेटायला येणाऱ्यांना थांबायला वेळ नसतो. हे "मला ते..." म्हणेपर्यंत समोरचा "पाणी? चहा? टीव्ही?" अशी भेंडोळी उलगडतो. काही जण तर त्यांच्याकडे पाठ करून मला विचारतात, "आता ओळखतात का माणसं?" आज मामंजींचे एक स्नेही असं म्हणाले आणि हे उठून आत गेले.

१६ फेब्रुवारी, रविवार
चालकाचा बिल्ला यांनी आज पुसून कपाटात ठेवला. लायसनच्या अर्जावरच अपस्माराचा प्रश्न असतो, आणि गाडीभर लोकांचा जीव हातात घ्यायचा तर यांनाही ते पटतं. संघटनेतले भाऊ सांगून गेले, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं २० वं कलम आहे, नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला माणूस काढता येत नाही, त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यावं लागतं. अर्ज तयार आहे. सही यांनीच केली, वेडीवाकडी पण स्वतःची.

पुढच्या रविवारी डेपोतली मंडळी यायची आहेत. त्यांना धाकट्याच्या फोनवरून कळवलं आहे, तेच इथेही लिहून ठेवते, कुणाच्या घरी असा माणूस असेल तर उपयोगी पडेल. खुर्ची त्यांच्यासमोर घ्या, माझ्यासमोर नाही. एका वेळी एकानेच बोला, टीव्ही बंद ठेवा. आणि त्यांनी वाक्य सुरू केलं की गप्प बसा, कितीही वेळ लागो, ते त्यांना स्वतःला पुरं करू द्या.