सारख्या जागांचे गृहीतक

कोळशाच्या पोटात किती जागा असते हे पुस्तकात वाचूनही प्रथम खरे वाटत नाही. नारळाच्या करवंटीपासून केलेल्या एक ग्रॅम सक्रिय कोळशाच्या छिद्रांतील पृष्ठभाग सुमारे १,००० चौरस मीटर भरतो. आपल्याकडचा शेतकरी, मग तो मराठी बोलो वा कन्नड, जमीन गुंठ्यांत मोजतो. त्या हिशेबाने चिमूटभर कोळशात दहा गुंठे रान झाले! वायूचे रेणू या रानावर येऊन चिकटतात, यालाच अधिशोषण म्हणतात.

पण ते चिकटतात तरी का? मोकळा वायू पृष्ठभागावर जखडला गेला म्हणजे त्याची एन्ट्रॉपी कमी होते. तरीही ही क्रिया आपोआप घडते, म्हणजे मुक्त ऊर्जा घटलीच पाहिजे; आणि त्यासाठी उष्णता बाहेर पडलीच पाहिजे. म्हणूनच तापविले की वायू सुटतो, आणि दमट झालेले सिलिका जेल तापवून पुन्हा वापरता येते.

किती दाबाला किती वायू चिकटेल, याचे सूत्र अर्व्हिंग लँगम्युर यांनी १९१८ साली विस्ताराने मांडले. त्यांची गृहीतके साधी आहेत : सर्व जागा सारख्या, एका जागी एकच रेणू, शेजाऱ्याचा शेजाऱ्याशी संबंध नाही. परीक्षेत एवढे लिहिले की गुण मिळतात आणि बहुतेकांचा विषय तेथेच संपतो.

मला मात्र या ठिकाणी आपले वाचनालय आठवते. खुर्च्या सगळ्या सारख्याच. पण खिडकीजवळच्या आधी भरतात, आणि मित्राशेजारची खुर्ची सहसा रिकामी राहत नाही. कोळशाचेही तसेच आहे. दोन-तीन तापमानांना मोजलेल्या समतापी वक्रांवरून अधिशोषणाची उष्णता काढता येते. लँगम्युरच्या म्हणण्याप्रमाणे ती शेवटपर्यंत एकच राहावयास हवी. कोळशावर ती सुरुवातीला जास्त असते आणि पृष्ठभाग भरत जाईल तशी बहुधा उतरते. चांगल्या जागा आधी गेल्या, अशी साक्ष उष्णताच देते!

मग सूत्र टाकून द्यायचे का? मुळीच नाही. सर्व जागा सारख्या असत्या तर काय झाले असते हे ते सांगते, म्हणूनच त्या कोठे सारख्या नाहीत हे आपल्याला कळते. १९३८ साली ब्रुनॉअर, एमेट आणि टेलर यांनी रेणूंचे थरावर थर कल्पून हे सूत्र पुढे नेले. धातू-सेंद्रिय सांगाड्यांच्या कामासाठी कितागावा, रॉबसन आणि याघी यांना २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांतील काही सांगाड्यांचा पृष्ठभाग ग्रॅमला ७,००० चौरस मीटरांवर जातो, आणि तो आकडाही याच १९३८ च्या सूत्राने काढलेला असतो. अतिसूक्ष्म छिद्रांत थरावर थर बसायला जागाच नसते, हे जाणणारा तो आकडा बेतानेच वापरतो.

पदवीच्या वर्गात आम्ही वायूऐवजी ॲसेटिक आम्ल आणि कोळसा घेऊन हा प्रयोग केला. शेवटचे दोन बिंदू रेषेपासून ढळले. "गाळून टाक," असे शेजारच्या मित्राने सुचविले. मी ते वहीत तसेच ठेवले. ते का ढळले याचे उत्तर त्या दिवशी मिळाले नाही. पण ते पुसले असते तर प्रश्नही उरला नसता. यंदा प्रयोगशाळेत पाऊल टाकणाऱ्या मित्रमैत्रिणींना माझे एवढेच सांगणे आहे : रेषा जरूर काढा, पण ढळलेले बिंदू पुसू नका.