संगणकाचा रोजमेळ

संगणकावर वर्षानुवर्षे काम करणाऱ्या माणसाच्या सवयी काही छोट्या फायलींत साठलेल्या असतात. लिनक्समध्ये अशा पुष्कळ फायलींची नावे टिंबाने सुरू होतात, म्हणून त्या सहसा नजरेस पडत नाहीत. आज्ञांची लघुरूपे, लेखनाच्या प्रोग्रॅमची मांडणी, अक्षरांचा आकार हे सारे त्यांत असते. डिस्क बिघडली, की ही सावकाश जमलेली पुंजी एका क्षणात नाहीशी होते.

लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या विकासासाठी घडविलेली गिट ही प्रणाली येथे उपयोगी पडते. तिची रीत पेढीवरच्या रोजमेळासारखी आहे. कोणता बदल कधी व कोणी केला, याची नोंद राहते. का केला, हे मात्र करणाऱ्याने स्वतः लिहायचे असते. चूक झाली तर खाडाखोड न करता उलट नोंद घालता येते. वहीची एक प्रत दुसऱ्या यंत्रावर ठेवलेली असली, की नव्या संगणकावर कामाची जुनी बैठक लवकर जमते.

परंतु जी वही काहीच विसरत नाही, तिच्यात काय लिहावे याचा विवेक हवा. पासवर्ड एकदा नोंदला गेला, तर फायलीतून पुसल्यानंतरही तो मागील नोंदींत राहतो, आणि वही सार्वजनिक असल्यास कोणालाही वाचता येतो. मग तो पासवर्ड तत्काळ बदलणे हाच पहिला उपाय. म्हणून जाणते लोक गुप्त फायलींची नावे ‘गिटइग्नोर’मध्ये आधीच लिहून ठेवतात. संग्रहाइतकेच वगळणेही शिकावे लागते.