सात फूट रुंदीच्या घरात वीस दिवस

परदेशी जाऊन आलेला माणूस राजवाड्याचे, मोठ्या घड्याळाचे आणि नदीवरच्या पुलाचे वर्णन करतो. ते सारे मीही एका दिवसात पाहून घेतले. पण गेल्या वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडला गेले ती त्यासाठी नव्हे. माझ्या थोरल्या बहिणीने मला कामगिरीवर पाठवले होते. तिचा मुलगा आणि सून तिकडे नोकरीला आहेत. घरभाडे परवडेना म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यांनी एक जुनी बोट विकत घेतली आणि कालव्यात राहायला गेले. आता सुनेला दिवस गेलेले. बाळ जानेवारीत होणार. "तू नर्स आहेस, तुझं ऐकतील. त्यांना जमिनीवर आण," असे ताईने मला बजावले होते.

लंडनच्या युस्टन स्टेशनवरून मी वोल्व्हरटनला उतरले. भाचा न्यायला आला होता. तिथून कालव्याच्या काठाने कॉसग्रोव्ह गावाकडे चालताना एक नवलच पाहिले. खाली नदी वाहते आहे आणि तिच्या डोक्यावरून, लोखंडाच्या लांबलचक पन्हळीतून, कालवा चालला आहे. हे काम 1811 सालचे. त्याआधी विटांचे बांधकाम केले होते, ते 1808 साली कोसळले. या पन्हळीतून बोटी जातात आणि कडेच्या वाटेने माणसे चालतात.

बोट पाहिली आणि माझ्या तोंडून निघून गेले, "अरे, ही तर आगगाडीचा डबा पाण्यात सोडल्यासारखी दिसते!" तिला नॅरोबोट म्हणतात, म्हणजे अरुंद नाव. लांबी सत्तावन्न फूट, रुंदी जेमतेम सात. अशा बोटी सत्तर-बहात्तर फूटही लांब असतात, पण रुंदी मात्र सातच्या आत. कारण अठराव्या शतकात मध्य इंग्लंडात कालवे खणले गेले तेव्हा अनेक ठिकाणी लॉक सात फूट रुंदीचे बांधले. लॉक अरुंद ठेवला की खोदाई कमी लागते आणि पाणीही कमी. तेव्हापासून बोटींनी आपले अंग त्या मापात बसवले आहे.

आत गेले तर पुढे बसायची जागा व कोळशाची शेगडी, मग स्वयंपाकघर, मग न्हाणी, मागे पलंग आणि शेवटी इंजिन. दोघे समोरासमोर आली तर एकाने अंग चोरायचे. माझे बालपण नायगावच्या बी.डी.डी. चाळीत एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीत गेले. आम्ही नऊजण होतो. त्या हिशेबाने ही जागा मोठीच म्हणायची. पण हे मी भाच्याला पहिल्या दिवशी सांगितले नाही. कामगिरी माझ्या लक्षात होती.

दुसऱ्या दिवसापासून मला कळू लागले की हे घर रोज हाताने चालवावे लागते. भिंतीतला नळ आपोआप येत नाही. पुढच्या टोकाला फरशीखाली पाण्याची टाकी. ती काठावरच्या सार्वजनिक नळाला लांब पाइप लावून भरायची. त्याला तासभर लागतो. चाळीत पहाटे नळाला रांग लावलेल्या बाईला हे शिकवावे लागत नाही. भांडी घासताना नळ सोडून ठेवणाऱ्या भाच्यालाच मी दोनदा हटकले, तेव्हा सून हसली.

वीज बॅटरीची. छपरावर सौर तावदाने आहेत, पण ऑक्टोबरात तिकडे सूर्य चोरपावलांनी येतो आणि तसाच जातो. मग तास-दोन तास इंजिन चालवून बॅटऱ्या भरायच्या. तेही रात्री आठ ते सकाळी आठ या वेळात नाही, कारण शेजारच्या बोटीत माणसे झोपलेली असतात. इस्त्री आणि मिक्सर जवळजवळ विसरायचे. चटणीसाठी सुनेने छोटा खलबत्ता ठेवला आहे.

आता एक गोष्ट सांगते, ती किळसवाणी वाटली तरी वाचा. बोटीला गटार नाही. संडासाखाली एक बंद डबा असतो. तीन-चार दिवसांनी भरला की तो ओढून काढायचा, छोट्या गाडीवर घालून काठावरच्या ठरावीक जागी न्यायचा, तिथल्या मोठ्या खळग्यात ओतायचा, धुवायचा आणि परत आणायचा. पहिल्या वेळी भाचा डबा घेऊन निघाला तेव्हा माझ्या पोटात ढवळले, आणि ते वासाने नव्हे. माझ्या आजोबांनी मुंबईत हेच काम डोक्यावर वाहून केले होते. दुसऱ्यांचे केले होते. त्या पोराला इतके शिकवले ते कशासाठी, असे वाटून मी त्याच्यामागे गेले. पाहते तर तिथे तिघे आपापले डबे घेऊन उभे. एक शाळेतल्या मास्तरीणबाई, एक सुतार आणि एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ, जे निवृत्त वकील निघाले. हवापाण्याच्या गप्पा चालल्या होत्या. ज्याचा डबा तोच ओततो, जागा धुऊन पुढच्याला देतो. भाचा म्हणाला, "मावशी, इथं याला नाव नाही. हे काम आहे, झालं की संपलं." मी काही बोलले नाही. पण त्या संध्याकाळी ताईला फोन केला तेव्हा ही गोष्ट तिला सांगितली. ती बराच वेळ गप्प राहिली.

दुसरी गोष्ट माझ्या चुकीची आहे. थंडी वाढली तशी दाराच्या खालच्या जाळीतून गार वारा पायाला लागू लागला. तिसऱ्या रात्री मी टॉवेलचा बोळा करून त्या जाळीत कोंबला आणि शेगडीत कोळसा घालून झोपले. पहाटे सून पाणी प्यायला उठली. तिने तो बोळा पाहिला, काढला आणि मला हलवून उठवले. "मावशी, हे कधी करू नका. ही भोकं मुद्दाम ठेवलेली असतात." बंद जागेत कोळसा अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपेतला माणूस झोपेतच जातो. पस्तीस वर्षे रुग्णालयात काढलेल्या बाईला हे ठाऊक नव्हते असे नाही, पण पाय गार पडले की विद्या विसरते. तिकडे 2019 पासून राहत्या बोटीत या वायूची सूचना देणारा भोंगा बसवणे सक्तीचे झाले आहे. त्यानंतर रोज रात्री त्याचे बटण दाबून तो वाजतो की नाही हे पाहणे मी आपल्याकडे घेतले. आपल्याकडे हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपणाऱ्या घरांनीही हे लक्षात ठेवावे.

स्वयंपाकाच्या गॅसचे सिलिंडर तर राहत्या भागात ठेवतच नाहीत. ते पुढच्या टोकाला वेगळ्या कप्प्यात असतात आणि त्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारी भोके असतात. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. बोट म्हणजे एक मोठे घमेले, त्यात साचला तर जाणार कुठे? म्हणून भोकांवाटे बाहेर. ही सारी तपासणी दर चार वर्षांनी होते. प्रमाणपत्र आणि विमा नसेल तर परवाना मिळत नाही.

भाच्याची रोजची कामे मी वहीत लिहून घेत असे. पंख्याचा दांडा बोटीच्या मागून जिथे बाहेर जातो तिथे पाणी आत झिरपू नये म्हणून रोज ग्रीस दाबायचे. तळाला साचलेले पाणी पाहायचे. सकाळी खिडक्यांवर श्वासाचे पाणी थबथबलेले असते ते पुसायचे, नाहीतर गादीखाली बुरशी. दोन-तीन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढून तळ घासायचा आणि डांबरासारखा काळा रंग द्यायचा. पोलादाच्या अंगावर मॅग्नेशियमचे ठोकळे जोडलेले असतात. गंज आधी त्यांना खातो, म्हणून बोट वाचते.

नवव्या दिवशी आम्ही निघालो. त्यांच्या बोटीला कायमचा धक्का नाही. अशा बोटींनी 1995 च्या कायद्याप्रमाणे एका जागी चौदा दिवसांहून जास्त राहायचे नाही, प्रवास करीत राहायचे. कारण योग्य असेल, आजारपण किंवा बाळंतपण, तर मुदत वाढवून मागता येते. एप्रिल 2024 पासून अशा फिरत्या बोटींना परवान्यावर जादा शुल्क पडते, त्याबद्दल बोटवाल्यांत फार नाराजी आहे. स्वस्त म्हणून बोटीवर आलेल्या माणसालाच ते जड जाणार, असे मलाही वाटते.

वेग ताशी चार मैलांच्या आत. काठावरचा कुत्रा पुढे जातो. मागे उभे राहून लांब दांड्याने दिशा द्यायची. दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते, हे डोक्यात शिरायला मला दोन दिवस लागले. वाटेत इंजिन एकदम धापा टाकू लागले. भाच्याने ते बंद केले, किल्ली काढून खिशात टाकली, मागचे झाकण उघडले आणि कोपरापर्यंत हात गार पाण्यात घातला. पंख्याला पिशव्या, दोरी आणि कुणाचा तरी कोट गुंडाळला होता. सुरीने कापत अर्धा तास गेला. झाकण परत घट्ट बसले आहे का, हे सुनेने स्वतः तपासले. ते सैल राहिले तर बोट बुडते.

संध्याकाळी स्टोक ब्रुएर्नला सात लॉक चढलो. लॉक म्हणजे पाण्याचा जिना. बोट खालच्या हौदात घ्यायची, मागचे दरवाजे लावायचे, लोखंडी हँडलने झडपा हळूहळू उघडायच्या. वरचे पाणी आत येते आणि घर आपल्यासकट उचलले जाते! झडप घाईने उघडली तर बोट आपटते. उतरताना त्याहून सावध राहावे लागते. हौदात मागे दगडी उंबरठा असतो, त्यावर बोटीचे बूड अडकले आणि पाणी उतरत गेले तर बोट उलटते. अशा एका मोठ्या लॉकला दोन-अडीच लाख लिटर पाणी लागते.

स्टोक ब्रुएर्नला कालव्याचे संग्रहालय आहे. तिथे जुन्या बोटकऱ्यांची खोली पाहिली. दहा फूट लांब, सात फूट रुंद. बाकीची सारी बोट कोळशाची, मालाची. रेल्वे आली, मालाचे दर पडले, मजुरी घटली. मग बोटकऱ्याने काठावरचे घर सोडले, बायकामुलांना बोटीवर आणले. भाडे वाचले आणि पगारी हाताच्या जागी बायको आली. तिने लॉक चालवले, घोडा हाकला, त्याच खोलीत बाळंत झाली. मुलांना शाळा नाही. बोट एका गावी थांबतच नसे. आपल्याकडच्या ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुले माझ्या डोळ्यांपुढे आली. लहानपणी वीटभट्टीवर राबलेला जॉर्ज स्मिथ नावाचा माणूस या मुलांसाठी झगडला. 1877 साली कायदा झाला, 1884 साली तो कडक केला. तरी काठावरचे लोक बोटकऱ्यांना घाणेरडे आणि चोर म्हणतच राहिले.

याच गावात सिस्टर मेरी वॉर्ड राहत. लॉकशेजारचे त्यांचे घर हाच बोटकऱ्यांचा दवाखाना. 1962 पर्यंत त्यांनी ही सेवा केली. 1951 साली त्यांना सरकारी पदक मिळाले. 1962-63 च्या हिवाळ्यात कालवे गोठले, बोटी आठवडेच्या आठवडे अडकल्या आणि मालवाहतुकीचा धंदा जवळजवळ संपला. त्या घरासमोर मी बराच वेळ उभी होते. सून शेजारी येऊन म्हणाली, "मावशी, मला दवाखान्यात नाव नोंदवताना पत्ता विचारला. कालवा म्हटलं तर खिडकीवरची बाई परत पाठवत होती." पुढे नियम दाखवल्यावर नोंदले. पत्त्याचा पुरावा नाही म्हणून तिथे डॉक्टरकडे नोंदणी नाकारता येत नाही.

त्या रात्री आम्ही तिघे बसलो. मी माझ्याकडून सगळे सांगितले. ओल, धूर, रात्री-अपरात्री कळा सुरू झाल्या तर चिखलाची वाट. भाचा उसळला. पण सून म्हणाली, चिखलाचे मावशींचे बरोबर आहे. हिवाळ्यात चार महिने भाड्याने धक्का मिळतो. रुग्णालयाजवळचा, डांबरी रस्त्याला लागून असलेला बघायचा, भोंगा आणखी एक पलंगाशी लावायचा, आणि आठव्या महिन्यानंतर लॉक तिने चालवायचे नाहीत. बोट मात्र सोडायची नाही. घेतलेल्या कर्जाचे शेवटचे हप्ते मार्चमध्ये फिटतात.

ताईला फोनवर हे कळवले. ती रागावली, मलाच बोलली, फोन ठेवते म्हणाली. ठेवला नाही. थोड्या वेळाने विचारले, "पलंगाशेजारी पाळणा ठेवायला जागा किती रुंद आहे? गोधडी शिवायला घेते. नीट मोजून घेऊन ये."

सुनेने फीत आणली. सव्वीस इंच भरले.