भुलाबाईचे अंगण

गेल्या कोजागिरीला आमच्या सावनेरच्या घरात दूध आटण्याआधी डोकी तापली. रोज बसने नागपूरला कॉलेजात जाणाऱ्या नातीला संमेलनात रॅप म्हणायचे होते. तिच्या थोरल्या भावाने हाच उद्योग केला तेव्हा घरात पेढे वाटले गेले होते. हिच्या वेळी मात्र आमचे चिरंजीव गरजले, "मुलीच्या जातीला हे शोभत नाही!" आणि निवाड्यासाठी दोघेही माझ्याकडे पाहू लागले.

"आबा, या गाण्याची सुरुवातच एका मुलीमुळे झाली," नात म्हणाली. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीला शाळेसाठी नवे कपडे हवे होते. तिने ११ ऑगस्ट १९७३ रोजी तिकीट लावून नाचगाण्याचा जलसा केला आणि तबकड्या वाजवायला भावाला बसवले. नाव झाले ते भावाचे! पुढे याच गाण्यांतून बाईला शिव्या मिळू लागल्या, तेव्हा १९९३ साली क्वीन लतिफाने गाण्यातूनच जाब विचारला. त्या गाण्याला १९९५ मध्ये ग्रॅमी पारितोषिक मिळाले. आपल्याकडेही महादेव कोळी समाजातली मधुरा घाणे 'माही जी' या नावाने मराठीतून रॅप करते.

मी ऐकत होतो, पण डोळ्यांपुढे माझी धाकटी बहीण उभी होती. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत पोरी घरोघर भुलाबाईची गाणी म्हणत. सासूचा जाच, नणंदेचा तोरा, सासऱ्याचा चिक्कूपणा, सारे त्यांत असे. बहीण तर गाता गाता आळीतल्या माणसांवर नव्या ओळी रचायची आणि मग डब्यातला खाऊही पहिल्यांदा तीच ओळखायची. शाळेच्या संमेलनात गाण्यासाठी तिला बोलावणे आले, तेव्हा वडिलांनी माझे मत विचारले. मी म्हणालो, "लोक काय म्हणतील?" ती एक शब्द बोलली नाही. पुढच्या भादव्यात भुलाबाई मांडली गेली, पण ती अंगणात आली नाही. आज ती हयात नाही.

ज्या सावनेरात १९१९ साली गडकऱ्यांनी देह ठेवला, त्या गावचे आम्ही. 'एकच प्याला'तल्या सोशीक सिंधूसाठी आम्ही डोळे पुसले. बालगंधर्वांच्या रूपाने ती साकारली एका पुरुषाने! त्याच नाटकातली गीता नवऱ्याला तोंडावर सुनावते, तिला मात्र आम्ही हसून घेतले. बाईने सोसले की टाळ्या, बोलली की हशा. अंगणात चालणारे तिचे बोलणे चव्हाट्यावर आले की आमची अब्रू जाते.

मी नातीला म्हटले, "म्हण."

चांदण्यात ती म्हणू लागली. निम्मे शब्द मला कळले नाहीत. पण या घरात पंचवीस वर्षे वर मान करून न बोललेली आमची सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पातेल्यावर ठेका धरत होती.

चिरंजीवांचा होकार अजून यायचा आहे. संमेलनाच्या दिवशी नागपूरच्या बसमध्ये तिच्याशेजारी मी बसणार आहे.