आकडे सांगणारी बाई आणि तिचा ठावठिकाणा

लघुलहरींवर, म्हणजे साधारण ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, १९७०च्या दशकापासून २००८ पर्यंत ज्यांनी ‘लिंकनशायर पोचर’ हे अनामिक केंद्र ऐकले, त्यांच्या कानी आधी त्याच नावाच्या इंग्रजी लोकगीताच्या सुरावटीचा छोटा तुकडा पुनःपुन्हा पडे. तो थांबला की ब्रिटिश धाटणीच्या इंग्रजीत एक स्त्री पाच आकडी संख्या अनेकदा उच्चारी, घंटा वाजत, आणि मग पाच-पाच आकड्यांचे २०० गट, प्रत्येक गट दोनदा, असा क्रम पाऊण तास चाले. हेडफोन लावून, खरखरीतून वाट काढत ते आकडे वहीत उतरवून घेणाऱ्याच्या लवकरच ध्यानात येई, की प्रत्येक गटाचा शेवटचा आकडा ठरावीक चढ्या सुरातच येतो. माणूस इतके तंतोतंत एकसारखे बोलत नाही, त्यामुळे बोलणारी निवेदिका नसून ध्वनिमुद्रित आकडे जुळवणारे यंत्र आहे, हे निव्वळ कानाने ओळखता येई.

या आकड्यांत दडलेला संदेश कोणालाच उलगडला नाही, आणि त्यात श्रोत्यांचे काही उणे नव्हते. अशा केंद्रांमागे बहुधा ‘एकवार किल्ली’ असते: यदृच्छेने निवडलेल्या आकड्यांच्या दोनच प्रती, एक पाठवणाऱ्याकडे व एक हेराकडे, संदेशाच्या आकड्यांत किल्लीचे आकडे हातचा न घेता मिळवायचे आणि किल्लीचे ते पान लगेच नष्ट करायचे. किल्ली खरोखर यदृच्छ असेल व पुन्हा वापरली नसेल, तर गणितालाही ती फोडता येत नाही. शिवाय साधा रेडिओ ऐकणारा माणूस कोण व कुठे आहे, याचा मागमूस हवेत उरत नाही.

पाठवणाऱ्याला मात्र ही सोय नसते. लूप आंटेना, म्हणजे तारेचे फिरवता येणारे वेटोळे, एका विशिष्ट कोनात आणले की आवाज जवळजवळ विझतो, आणि त्यावरून उगमाची रेषा नकाशावर आखता येते. दूरच्या दोन ठिकाणांच्या रेषा छेदतात तेथे प्रक्षेपक असण्याचा संभव असतो. आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित थरावरून, परतलेली लहर हा अंदाज चुकवते, म्हणूनच अनेकांच्या नोंदी चिकाटीने ताडून पाहाव्या लागतात. हौशी लोकांनी या केंद्राचा माग सायप्रसमधील अक्रोतिरी येथील ब्रिटिश हवाई तळापर्यंत काढला. ब्रिटनमध्ये १९९३ साली सुरू झालेल्या ‘एनिग्मा’ या श्रोतृगटाच्या यादीत त्याला ‘ई ३’ असे नाव मिळाले. त्यातील ‘ई’ हे अक्षर इंग्रजी भाषेचे. ज्या प्रक्षेपणाची मालकी कोणी जाहीरपणे सांगितली नाही, त्याच्या वेळा, कंप्रता आणि लकबी या मंडळींनी पदरमोड करून नोंदवल्या, आणि संशोधकाला त्याबद्दल कृतज्ञताच वाटावी.

हे केंद्र २००८ मध्ये बंद पडले, पण हे काम थांबले नाही. आता इंटरनेटला जोडलेले, उपग्रहाच्या घड्याळाशी जुळवलेले रिसीव्हर एकाच संदेशाच्या आगमनातील फरक मोजतात. सेकंदाच्या हजाराव्या भागात रेडिओलहर सुमारे ३०० किलोमीटर जाते, त्यामुळे तेवढ्या सूक्ष्म फरकावरूनही प्रक्षेपक असलेला प्रदेश हेरता येतो. रशियाच्या ४६२५ किलोहर्ट्झवरील ‘बझर’ या गुणगुणणाऱ्या केंद्राचा मागोवाही हौशी श्रोते अशाच साधनांनी घेत असतात.