आधी बार, मग शाळा

कोरोनाच्या टाळेबंदीनंतर राज्यातले बार ५ ऑक्टोबर २०२० ला निम्म्या क्षमतेने उघडले. नववी ते बारावीच्या शाळांना २३ नोव्हेंबर उजाडला. आमच्या सोलापुरात, पूर्वभागात, शेजारची मावशी विड्या वळता वळता म्हणाली, "पिणाऱ्याला बाकडं मिळालं, पोरांना न्हाई." तिच्या घरात मोबाइल एक, पोरं तीन.

वेटरलाही पोट होतं, सरकारला महसूल हवा होता. पोराला शाळेत धाडायला घाबरणारे आईबापही चुकीचे नव्हते. डिसेंबरात जिल्ह्यातल्याच परितेवाडीच्या डिसले गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. चौथीपर्यंतच्या वर्गांना मात्र परवानगी मिळाली ती १ डिसेंबर २०२१ पासून.

पुन्हा अशी वेळ आली, तर आधी पहिलीचा वर्ग उघडा. बारचं नंतर बघू.