पोच

संगणकांचे परस्परांशी दळणवळण कसे चालते हा विषय वरच्या वर्गांस शिकविण्याचे काम गेली काही वर्षे आमच्याकडे आहे. विषयाचे नाव ऐकून बिचकणारी मुले आम्हांस भेटली आहेत. परंतु त्याहून अधिक भेटली ती, ज्यांस यात शिकण्यासारखे काही असेल असे वाटतच नाही. फोनवरून निघालेला निरोप 'वर' उपग्रहाकडे जातो आणि तेथून खाली उतरतो, एवढे त्यांचे ज्ञान पक्के असते. वस्तुतः आमच्या बेळगावाहून परदेशी निघालेला निरोप बहुधा जमिनीतून मुंबई किंवा चेन्नईसारख्या बंदरी पोहोचतो आणि समुद्रतळाशी टाकलेल्या तारेतील, केसाएवढ्या बारीक काचतंतूंतून पुढे जातो. हे सांगितले म्हणजे वर्ग प्रथम हसतो, मग नकाशा मागतो.

शब्दांचीही अडचण असतेच. 'डेटा'स 'विदा' हा शब्द चांगला घडविलेला आहे. परंतु हिंदी चित्रपट पाहून वाढलेल्या मुलांस त्यात निरोपसमारंभ दिसू लागला, तेव्हा आम्ही 'माहिती' या जुन्या शब्दावर समाधान मानले. एक शब्द मात्र आमच्या भाषेत आयताच तयार होता. तो म्हणजे पोच. पत्राच्या अखेरीस 'पोच द्यावी' असे लिहिणारी माणसे आजही काही घरांतून आहेत, आणि संगणकही एकमेकांस नेमके हेच सांगत असतात.

निरोप अखंड जात नाही. त्याचे तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकड्यावर पत्ता व क्रमांक घातला जातो. नेहमीच्या जाळ्यात अशा एका तुकड्यात सुमारे दीड हजार बाइट मावतात. येथे वर्ग हटकून एक हिशेब करतो. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. म्हणजे 'आई' सहा बाइटांची. इंग्रजी 'मदर' रोमन लिपीत सहा अक्षरांची, तीही सहाच बाइटांची. कन्नड लिपीतील 'अव्व' मात्र जोडाक्षरामुळे बारा बाइटांवर जाते. "सर, आमच्या शेजारच्या अव्वा खरोखरच दुप्पट आहेत," असे मागल्या बाकावरून कोणी म्हणाले, आणि तो तास तेथेच संपला.

हा सारा व्यवहार आम्ही चिठ्ठ्यांवर करवितो. एका कोपऱ्यातील मुलाने एक वाक्य आठ चिठ्ठ्यांवर तोडून लिहावयाचे, क्रमांक घालावयाचे, आणि बाकांवरून हातोहात समोरच्या कोपऱ्यात धाडावयाचे. मधल्या दोघांस आम्ही आधीच कानात सांगून ठेवतो की अधूनमधून एखादी चिठ्ठी खिशात घाला. चिठ्ठ्या वेड्यावाकड्या वाटांनी, मागेपुढे होऊन पोहोचतात. पाचवी येतच नाही. घेणाऱ्याने मिळालेल्यांची पोच द्यावयाची. ठरल्या वेळात पोच न आली, तर धाडणाऱ्याने ती चिठ्ठी पुन्हा लिहून पाठवावयाची. कधी चिठ्ठी पोहोचते आणि पोचच खिशात जाते. मग तीच चिठ्ठी दोनदा येते, आणि क्रमांक पाहून घेणारा एक फाडून टाकतो. वाहणारा बेभरवशाचा असला तरी दोन टोके नियमाने वागली म्हणजे वाक्य पुरे होते. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी 1974 साली मांडलेल्या आणि 1 जानेवारी 1983 पासून अर्पानेट या अमेरिकन जाळ्याने स्वीकारलेल्या पद्धतीचे मर्म हेच आहे.

त्याच अर्पानेटवरचा पहिला निरोप 29 ऑक्टोबर 1969 रोजी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेकडे निघाला. 'लॉगिन' हा शब्द धाडावयाचा होता. दोन अक्षरे गेली आणि पलीकडचा संगणक कोसळला. ती दोन अक्षरे पोहोचल्याची पोच मात्र मंडळींनी साध्या टेलिफोनवर बोलून घेतली होती. मुलांस ही गोष्ट फार आवडते, आम्हांसही आवडते.

एका वर्षी एका मुलाने विचारले, "पण सर, पोच मिळाली हे घेणाऱ्यास कसे कळणार? पोचेची पोच द्यावयाची का?" मग तिचीही पोच, आणि तिचीही. शेवटच्या पोचेविषयी कोणीतरी एक बाजू अंधारात राहतेच. हे कोणत्याही युक्तीने टळत नाही, असे शास्त्रानेच सिद्ध केले आहे. व्यवहारात संगणक काही वेळ वाट पाहतात, काही वेळा पुन्हा धाडतात, आणि मग थांबतात. आमच्या मते सबंध विषयातील सर्वांत खोल प्रश्न हाच. पाठ्यपुस्तकात तो नसतो.

गेल्या वर्षी याच तासानंतर एक मुलगी मागे थांबली. तिचे वडील सैन्यात, उत्तरेकडील सीमेवर. व्हॉट्सॲपवर आईने रात्री निरोप धाडला की कधी कधी त्यापुढे एकच खूण उमटते, दुसरी उमटत नाही, आणि मग आई दिवा मालवीत नाही. "एक खूण म्हणजे काय, सर?" आम्ही सांगितले, एक खूण ही मधल्या संगणकाची पोच, निरोप तेथे सुखरूप ठेवलेला आहे. दुसरी खूण वडिलांच्या फोनची. फोन बंद असेल, डोंगराआड असेल, तर ती येत नाही. एवढाच तिचा अर्थ. न पोहोचलेला निरोप मधला संगणक तीस दिवसांपर्यंत सांभाळतो, आणि फोन जाळ्यात आला की आपण होऊन देतो. तिने ते वहीत लिहून घेतले, खाली दोन चौकोन आणि मध्ये तिसरा काढला, आणि विचारले, "मधल्या संगणकास ते वाचता येते का?" निरोप कुलूपबंद जातो आणि किल्ली दोन्ही टोकांच्या फोनांतच असते, तेव्हा मजकूर वाचता येत नाही, कोणी कोणास केव्हा धाडले एवढे मात्र दिसते, असे आम्ही म्हणालो. पाकिटाच्या आतले टपालवाल्यास दिसत नाही, वरचा पत्ता दिसतो, तसे.

दुसऱ्या दिवशी ती येऊन म्हणाली की आईस चौकोन काढून दाखविले. खूण पहाटे चारला आली. आई तोपर्यंत झोपली होती.